आधीपासून असलेली माणसं

नवीन म्हणून समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझ्या भाऊजींइतका अविश्वास दाखवणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि पोटापाण्यासाठी त्यांनी निवडला होता धंदा संगणकाचा. घरात टॉर्च घ्यायची ठरली की ते आधी माळ्यावर चढायचे, पलंगाखाली वाकायचे, शेजाऱ्याकडे राहिली का ते विचारून यायचे, आणि एवढं होईस्तोवर गेलेली लाइट परत यायची. वस्तूंचं हे, तर माणसांचं विचारूच नका. लाखनीला हायवेवर जिथे ट्रक थांबतात, तिथल्या टपरीवर ते रोज चहा प्यायचे. बाकावर शेजारी कोणी अनोळखी बसला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आपली आधीची ओळख आहे का जी?" तो बिचारा नाही म्हणायचा. मग गाव विचारून व्हायचं, आईचं माहेर विचारून व्हायचं, बहीण कुठे दिली ते विचारून व्हायचं, आणि चहा संपायच्या आत कुठून तरी धागा निघायचाच. एकदा एका लुधियानाच्या ट्रक ड्रायव्हरला त्यांनी धरलं. त्याचं आणि लाखनीचं काय नातं असणार, असं मला वाटलं होतं. पण देवरीच्या ज्या ढाब्यावर तो नेहमी जेवायचा, तिथे भाऊजींचा चुलतभाऊ पोळ्या भाजायचा. "मंग तं तुमी आमच्या घरचंच खाऊन राहिले," भाऊजी त्याला म्हणाले, आणि त्याच्या चहाचे पैसे देऊन समाधानानं दुकानात परतले.

या सवयीनं त्यांचं एक मोठं नुकसान झालं. त्यांचं लग्न जमेना. मुलगी पाहायला ते जायचे, पोहे यायचे, मुलगी येऊन बसायची, आणि हे मुलीशी बोलायचं सोडून तिच्या मामाशी बोलत बसायचे. अर्ध्या तासात असं निघायचं की मुलगी यांच्या मावसबहिणीची नणंद लागते किंवा यांच्या आत्याच्या जावेची भाची. मग ते तिला "ताई" म्हणून निरोप घेऊन यायचे. त्यांच्या आईनं मुलगी पाहायला सोबत जाणंच सोडून दिलं होतं. "हा पोरी पाहाले नाही, सोयरे मोजाले जाते," असं ती आल्यागेल्याला सांगायची. असं करता करता त्यांची चाळिशी जवळ आली.

हे सगळं मी जवळून पाहिलं, कारण तेव्हा ते माझे भाऊजी नव्हते, मालक होते आणि मी त्यांना सर म्हणायचो. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा ते नुकतेच नागपूरहून शिकून परतले होते. पहिलं काम त्यांना त्याच विभाजनानं दिलं. एका शिक्षणसंस्थेला आपल्या विद्यार्थ्यांच्या याद्या दोन जिल्ह्यांत वाटायच्या होत्या. संस्थेचे सचिव म्हणाले, तिकडची गावं पुसून टाका आणि नव्यानं लिहा. भाऊजी म्हणाले, "गाव कायले पुसता जी? गाव जागच्या जागी आहे, पोट्टेही तेच आहेत. वरचं जिल्ह्याचं नाव तेवढं बदलवू." सचिवांना ते पटलं नाही, पण काम निम्म्या वेळात झालं म्हणून ते गप्प बसले. पुढे भाऊजींनी टायरच्या दुकानावरची एक खोली घेतली. खालून जड ट्रक गेला की वर टेबल थरथरायचं आणि आमच्या चहावर वर्तुळं उमटायची. राइस मिल, शाळा, दवाखाने असली आमची गिऱ्हाइकं. मी डिप्लोमा करून त्यांच्याकडे लागलो तो काळ हा.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डेटाबेस म्हणजे मोठे तक्ते, आणि त्यात एका माणसाची एक ओळ. पण प्रोग्रॅम लिहिताना आम्ही त्या ओळींशी थेट बोलत नाही. ओळींपासून वस्तू तयार होतात, एक माणूस, त्याचं गाव, त्याचा फोन, सगळे एकमेकांचा हात धरून उभे, आणि आम्ही त्यांच्याशी बोलतो. या वस्तू आणि त्या ओळी यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेला ओआरएम म्हणतात. ती इमानदार असते, पण तिला चेहरे ओळखता येत नाहीत. बाहेरून कुणाला आणून तिच्यापुढे उभं केलं की तो नवा की आधीपासूनच तक्त्यात आहे, हे आपण सांगावं लागतं. 'अ‍ॅड' म्हटलं की ती त्याला नवा समजून नवी ओळ लिहिते. 'अटॅच' म्हटलं की ती समजते, हा आपलाच आहे, याला पुन्हा लिहायचं नाही, इथून पुढे याच्यात काय बदलतं तेवढं पाहायचं. त्यात अ‍ॅडची एक खोड अशी की ज्याला अ‍ॅड कराल त्याचा हात धरून उभे असलेले सगळेच तिला नवे वाटतात. एकोडीचा एक माणूस अ‍ॅड केला की त्याच्यासोबत एकोडी गावही नव्यानं जन्माला येतं. भाऊजींसारख्या माणसासाठी हे काम जणू ठरवून ठेवलेलं होतं. ते मला दिवसातून एकदा तरी बजावायचे, "अ‍ॅड लिहाच्या आधी इचार करत जाय. जगात नवीन लय कमी रायते."

आणि चूक झाली ती त्यांच्याच हातून. लाखनी-साकोली भागातल्या काही तरुणांनी मिळून रक्तदात्यांचा एक गट केला होता. कुणाला अडीअडचणीला रक्त लागलं की हे दात्याला फोन करायचे. त्यांच्यासाठी भाऊजींनी फुकट सॉफ्टवेअर करून दिलं. शिबिर गावात असायचं आणि गावात इंटरनेट नसायचं, म्हणून माहितीची प्रत लॅपटॉपवर घेऊन जायचे, तिथे दात्यांची माहिती भरायचे आणि परत आल्यावर ती डेटाबेसमध्ये ओतायचे. ओतायचा भाग भाऊजींनी लिहिला. त्याच आठवड्यात त्यांची आई पाय घसरून पडली होती, दवाखान्याच्या चकरा चालू होत्या, आणि त्या धांदलीत नवे-जुने सगळे दाते एकाच अ‍ॅडमधून आत गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट शिबिरागणिक दात्यांची संख्या वाढताना पाहून गटातले लोक खूश होते, आणि एका कार्यक्रमात त्यांनी भाऊजींना शाल दिली.

मग एका दुपारी गटाचा प्रमुख धापा टाकत जिना चढून आला. त्याचं बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं, आणि ते तसंच उघडं टाकून तो आला होता. गावातल्या एका दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला रक्तस्राव सुरू झाला होता. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. हा रक्तगट सहसा मिळत नाही, पण आमच्या यादीत पाच जण दिसत होते, म्हणून दवाखान्याला यानं बिनधास्त हो म्हणून सांगितलं होतं.

"पाचही ठिकाणी फोन लावला," तो म्हणाला. "दोन नंबर त्याचे सोताचे, एक घरचा, एक शेजाऱ्याचा, एक साळ्याचा. पाची जागी एकच माणूस निघून राहिला जी."

तो माणूस वरठीच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला होता. मोठा श्रद्धेचा दाता. एकही शिबिर चुकवायचा नाही, आणि दर वेळी काही ना काही कारणानं वेगळा नंबर लिहून द्यायचा. तेवढ्या वेळा त्याची नवी ओळ जन्मली होती. त्याच्या नावाची माणसं या भागात पुष्कळ, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. त्यानं महिन्याभरापूर्वीच रक्त दिलं होतं, म्हणजे इतक्यात पुन्हा देता येणार नव्हतं. तरी तो मोटारसायकलनं निघून आला. डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं, पण तो गेला नाही, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. भाऊजी त्याच्याशेजारी जाऊन बसले. ओळख काढायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

प्रमुखानं आणि मी मिळून भंडाऱ्याला, साकोलीला, जिथे जिथे सुचेल तिथे फोन लावले. शेवटी भंडाऱ्याहून रक्ताची पिशवी आली, पण ती येईस्तोवर त्या बाईचा नवरा भिंतीला टेकून जसा उभा होता, तो मला अजून दिसतो. बाई वाचली. मुलगी झाली. सगळे पांगले. दुकानात परतल्यावर भाऊजींनी डबा उघडला, बंद केला आणि म्हणाले, "आपन चार मानसं जास्तीची पैदा केली. एकाच्याही आंगात रक्त नव्हतं."

प्रोग्रॅम त्यांनी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. आता लॅपटॉपवरून येणारा दाता आधी शोधला जायचा, सापडला तर अटॅच व्हायचा, नाहीच सापडला तर अ‍ॅड. पण तोवर जन्मलेल्या माणसांचं काय करायचं? मी म्हणालो, नाव आणि जन्मतारीख जुळली की एकत्र करून टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. ते नाही म्हणाले. "जुळलं म्हनून एकच होते काय बाप्पा? चुकून दोघाचा एक झाला तं तो दुसरा कायमचा गेला. ज्याची नोंद आहे त्यालेच इचारू." आणि तो अख्खा उन्हाळा हा माणूस जुन्या स्कूटरवर बसून गावोगाव हिंडला. मागे मी. डोक्याला दुपट्टा बांधून ते दारात उभे राहायचे आणि घरातल्यांना विचारायचे, "तुमच्या एथी हे गृहस्थ एकच आहेत का दोन आहेत?" लोकांना वाटायचं, मतदारयादीवाले आले. एका गावात एकाच नावाचे, एकाच दिवशी जन्मलेले दोघं सख्खे चुलतभाऊ खरंच निघाले. त्या दोघांना शेजारी शेजारी उभं करून भाऊजी कितीतरी वेळ प्रेमानं पाहत राहिले. "पाह्य," ते मला म्हणाले, "तुह्या दहा मिन्टात यातला एक मेला असता."

असं करत आम्ही एकोडीला आलो. एकोडी म्हणजे माझं गाव. तिथल्या यादीत दोन बायका होत्या, पहिलं नाव तेच, जन्मतारीख तीच, पुढचं सगळं वेगळं. मी सकाळीच सांगितलं होतं की ती माझी थोरली बहीण आहे, दोन्ही तीच आहे, यायची गरज नाही. पण त्यांना ते चालत नव्हतं. "तुह्या सांगन्यानं नाही होत. ज्याचं त्यानंच सांगाव."

ताई गावच्या शाळेत मास्तरीण होती. त्याच्या दोन वर्षं आधी तिचा नवरा अपघातात गेला होता, तेव्हापासून ती लहान मुलीला घेऊन आमच्याकडेच राहत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि ती ओसरीवर पेपर तपासत बसली होती. भाऊजी फुलांच्या पलीकडेच थांबले.

"ह्या दोन बाया एथीच राहतात काय जी?" त्यांनी दोन्ही नावं वाचली.

"राहतात," ताई म्हणाली.

"दोघीही रक्त देतात?"

"देतात."

"जन्मतारीख तं एकच दिसून राहिली. जुळ्या आहेत काय?"

ताईनं तेव्हा पेपरातून मान वर केली. "जुळ्या नाही जी. दोघीही मीच आहो. शाळेतल्या शिबिरात नोकरीतलं नाव लिहिलं, बाबाचं. गावातल्या शिबिरात नवऱ्याचं लिहिलं. आता त्यातली खरी कोनती, हे मलेच समजत नाही."

भाऊजींनी पेन उघडलं होतं ते तसंच राहिलं. "मंग कोनती ठेवू?"

"कशी सांगू? एक काहाडली तं बाबाले वाईट वाटन. दुसरी काहाडली तं पोरीले."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "एकच ओळ ठेवतो. पन दोन्ही नावं मावतील एवढी जागा करतो तिच्यात. दोन-तीन रोज द्या मले." आणि खरंच, पुढचे तीन दिवस त्यांनी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवून फक्त तेवढ्यासाठी तक्ता बदलला. ती जागा पुढे पुष्कळ बायकांच्या कामी आली, पण ती केली गेली एकीसाठी.

त्यानंतर एकोडीची तपासणी काही संपेना. कुणाचा फोन नंबर पाहायचा राहिला, कुणाच्या नावातली वेलांटी पाहायची राहिली, असं काहीतरी काढून ते यायचे. उभ्या जिल्ह्यात एकोडीइतकी तंतोतंत नोंद कोणत्याच गावाची नसेल. येऊन ते माझ्या बाबांजवळ बसायचे आणि नात्याचा धागा शोधायचे. आजोळ झालं, आजीचं आजोळ झालं, आत्यांची सासरं झाली, काहीच जुळेना. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. बाबा वैतागून म्हणाले, "नसन नातं तं नसन. तुमी चहा घ्या." मग एक दिवस दुकानात, माझ्याकडे न पाहता, कीबोर्डवरची धूळ पुसत ते म्हणाले, "तुह्या घराशी माहं काहीच नातं निघत नाही."

"मंग?"

"मंग करता येते काय, इचारून पाह्य."

मी घरी विचारलं. ताईनं मला उत्तर दिलं नाही. तिनं त्यांनाच बोलावून घेतलं आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, "मी एकटी येनार नाही. माह्यासंग माही पोरगी येईन. अन् तिच्यासंग तिचा बाप येईन, फोटोतला का होईना."

"येऊ द्या," भाऊजी म्हणाले. "सगळे संगच येतात, हे मले आता चांगलं माहीत आहे."

गावच्या विहारात साधं लग्न झालं. भन्तेजींनी वंदना घेतली, जेवणं झाली, आणि पानाच्या वेळी भाऊजींच्या आत्यानं विषय काढला. आता पोरीच्या शाळेत तिच्या नावामागे यांचं नाव लावा, जुनं कशाला ठेवायचं, नव्यानं सुरुवात करा. तिचा हेतू वाईट नव्हता, आणि आमच्याही घरातल्या दोघातिघांनी मान हलवली. मुलगी तिथेच आईच्या मांडीला रेलून उभी होती. ती आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"ते पोरगी नवीन नाही, आत्या," भाऊजी म्हणाले. "आज माह्या घरी आली म्हनून आजच जल्मली काय? सात वर्साची आहे ते. तिले बाप होता, त्याचं नाव होतं, त्या नावानं ते शाळेत हाजरी देते. मी ते काहाडलं तं दुसरीच पोरगी होईन. मले हेच पोरगी पाहिजे."

आत्या म्हणाली, "अन् मंग तुह्यं काय राहिलं तिच्यात?"

"इथून पुढचं," ते म्हणाले.

मुलीनं मग विचारलं, "मी तुमाले काय म्हनू?" याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. ते गडबडले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्या तोंडात जे येईन ते," ते म्हणाले. ती काका म्हणाली, आणि काकाच राहिलं. फोटोतला बाप त्यांच्या लाखनीच्या घरात दर्शनी भिंतीवर लागला. त्याच्या स्मृतिदिनाला खीर भाऊजीच करायचे, कारण ताईला त्या दिवशी काही सुचायचं नाही. खीर नेहमी थोडी खाली लागायची. शाळेच्या संमेलनात लोक त्यांना मुलीचे वडील समजून बोलायला लागले की ते अगोदर दुरुस्ती करायचे, मग बोलायचे. मी एकदा विचारलं, तिनं बाबा म्हणावं असं तुम्हाला वाटत नाही का. "वाटते न," ते म्हणाले. "काहून नाही वाटनार? पन मले वाटते म्हनून तिनं म्हनाव, असं थोडीच आहे."

भाऊजींची आई गेल्यावर घरात ती तिघंच राहिली. मुलगी हुशार निघाली. गणिताला तिला भाऊजींनी बसवलं, सायकल त्यांनी शिकवली, दहावीच्या परीक्षेच्या वेळी केंद्राबाहेर झाडाखाली रोज तेच बसून राहिले. दुकान मात्र उतरणीला लागलं. गिऱ्हाइकं नागपूरच्या मोठ्या कंपन्यांकडे गेली, मी नोकरी धरली, आणि टायरच्या दुकानावरची ती खोली सुटली. रक्तदात्यांचं काम तेवढं ते अजून घरून पाहतात.

दोन वर्षांपूर्वी तिला पुण्यात नोकरी लागली. तिला गाडीत बसवायला भाऊजी आणि मी वरठीच्या स्टेशनवर गेलो होतो. ताईला शाळेतून सुटी मिळाली नाही, किंवा तिनं ती मागितली नाही. गाडी आली, सामान चढलं, खिडकीतून हात हलला, गाडी गेली. सगळं चारचौघांसारखंच झालं. परतताना भाऊजी मोटारसायकलवर माझ्या मागे बसले होते. धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, रस्ता जात होता, कापणी झालेली होती, आणि अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मग म्हणाले, "गाडी थांबव."

मी थांबवली.

"तुह्या बहिणीले फोन लाव. आता शाळेतून आली असन. तिले सांग, आज तांदूळ कमी टाकजो. मले नाही सांगता येनार."

मी फोन लावला आणि निरोप सांगितला. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "टाकून झाले," ताई म्हणाली. "तिघाचेच टाकले. हात तसाच जाते, काय करू?"

मी भाऊजींना तसं सांगितलं. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून बांध्यांकडे पाहत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "उरू दे." आणि पुन्हा माझ्या मागे येऊन बसले.